रिले नंबर ७०: ग्रेस हॉपर यांची नोंदवही आणि माझा सारखा क्रॅश होणारा बोर्ड

फोन वापरता वापरता अचानक स्क्रीन काळी होते, लोगो येतो आणि फोन आपोआप रीस्टार्ट होतो. हे तुमच्या बाबतीत कधी ना कधी झालंच असेल. आपण दोन मिनिटं वैतागतो आणि विसरून जातो. पण त्या काळ्या स्क्रीनमागे बऱ्याचदा कर्नल क्रॅश असतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी कोणाला द्यायची, स्टोरेजवर काय लिहायचं, कोणत्या ॲपला प्रोसेसर कधी मिळणार, हे तो ठरवतो. एखादं ॲप बंद पडलं तर कर्नल त्याला बाजूला करून पुढे जातो. पण खुद्द कर्नलच कोलमडला तर त्याला सावरणारं कोणी नसतं, म्हणून तो सगळं थांबवतो. लिनक्समध्ये याला कर्नल पॅनिक म्हणतात. अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सचाच कर्नल आहे.

फोनमध्ये आपल्याला फार खोलात शिरता येत नाही. पण रास्पबेरी पायसारख्या, एटीएम कार्डाएवढ्या सिंगल-बोर्ड कॉम्प्युटरवर मात्र क्रॅशचं कारण शेवटपर्यंत शोधता येतं. मला ते शोधावं लागलं. त्या वेळी सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते १९९२ साली वारलेल्या एका बाईंचं चरित्र. त्यांचं नाव ग्रेस हॉपर. आज एआयच्या बातम्यांमध्ये ज्या ग्रेस आणि हॉपर नावाच्या चिप येतात, ती नावं यांचीच.

टाकी तापली, बोर्ड गप्प

माझ्या मामाचं गावात दूध संकलन केंद्र आहे. तिथल्या बल्क कूलरमध्ये दूध ४ अंशांच्या आसपास ठेवावं लागतं. मी एक छोटा बोर्ड आणि तापमानाचा सेन्सर बसवला होता. तापमान वाढलं की मामाच्या फोनवर मेसेज जाणार, एवढंच काम. पहिले दोन महिने मस्त चाललं. मग बोर्ड अधूनमधून लटकायला लागला. बंद करून चालू केला की परत ठीक.

मे महिन्यात एका रात्री एका फेजची लाईट गेली आणि कंप्रेसर बंद पडला. मेसेज आलाच नाही, कारण बोर्ड संध्याकाळीच पॅनिक होऊन बसला होता. सकाळी १८० लिटर दूध आंबलं. मामा मला काही बोलला नाही. त्याने फक्त बोर्डची वायर काढली आणि तो फळीवर ठेवून दिला. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

त्या आधी मी काय काय केलं होतं ते ऐका. ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली. मेमरी कार्ड दोनदा बदललं. चाचणीसाठी आलेला नवाकोरा कर्नल टाकून पाहिला. सगळं एकाच आठवड्यात, आणि कुठेही काहीही न लिहिता. त्यामुळे कशाने काय झालं हे मलाच सांगता येईना.

घड्याळं उघडणारी मुलगी

ग्रेस ब्रूस्टर मरे हिचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांची असताना तिने घरातलं गजराचं घड्याळ उघडलं, आत काय चालतं ते बघायला. जोडता येईना, म्हणून दुसरं उघडलं. आईच्या लक्षात येईपर्यंत सात घड्याळांचे भाग पसरलेले होते. आईने घड्याळं काढून घेतली, पण सगळी नाही. एक तिच्यासाठी ठेवलं. मला ही आई फार आवडते. शोधायला बंदी नाही, पण एका वेळी एकच घड्याळ.

वडील विमा व्यवसायात होते. आजारपणात त्यांचे पाय कापावे लागले, पण मुलाइतकंच मुलींनीही शिकायचं यावर ते ठाम होते. सोळाव्या वर्षी ग्रेस व्हॅसर कॉलेजच्या प्रवेशात लॅटिनच्या मार्कांमुळे मागे पडली. एक वर्ष थांबून पुन्हा गेली. १९२८ मध्ये गणित आणि भौतिकशास्त्रात पदवी, १९३० मध्ये येल विद्यापीठातून एमए, १९३४ मध्ये तिथूनच गणितात पीएचडी. १९३० मध्ये व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं, तेव्हापासून हॉपर हे आडनाव. व्हॅसरमध्येच त्या गणित शिकवायला लागल्या.

इथेच गोष्ट संपू शकली असती. पण डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि अमेरिका युद्धात उतरली. हॉपर यांना नौदलात जायचं होतं. पणजोबा नौदलात ॲडमिरल होते. अडचणी तीन: वय पस्तिशीच्या पुढे, वजन नियमापेक्षा सुमारे ७ किलो कमी, आणि गणिताच्या प्राध्यापकांची गरज कॉलेजातच जास्त आहे असं सरकारी मत. त्या मागे लागल्या, सूट मिळवली आणि डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या राखीव दलात भरती झाल्या. प्रशिक्षणात वर्गात पहिल्या आल्या.

१५ मीटर लांबीचा कॉम्प्युटर

जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात झाली, हॉवर्ड एकन यांच्या हाताखाली. तिथे मार्क १ नावाचं यंत्र होतं. लांबी १५ मीटरपेक्षा जास्त, उंची सुमारे अडीच मीटर, वजन ४ टनांहून अधिक, आणि आत साडेसात लाखांच्या वर सुटे भाग. वेग? सेकंदाला साधारण तीन बेरजा. एका गुणाकाराला सहा सेकंद. तुमच्या हातातला फोन सेकंदाला अब्जावधी बेरजा करतो, त्यामुळे हे वाचून हसू येईल. पण त्या काळात हे काम माणसं कागदावर करायची.

एकन यांनी पहिल्याच भेटीत काम दिलं: आर्कटॅनजंट काढण्यासाठी लागणारे सहगुणक मोजायचे, मुदत साधारण एक आठवडा. हॉपर यांनी त्याआधी कॉम्प्युटर पाहिलेलाही नव्हता. हातात होती ती मशीनला समजणाऱ्या आकड्यांची एक यादी. प्रोग्रॅम म्हणजे कागदी पट्टीवर पाडलेली भोकं. एक भोक चुकलं की उत्तर चुकलं. आणि ही उत्तरं तोफांच्या तक्त्यांसाठी, सुरुंगांसाठी लागत होती. १९४४ मध्ये जॉन फॉन नॉयमन एक किचकट गणित घेऊन तिथे आले. ते अणुबॉम्बच्या कामाचं होतं, हे हॉपर यांना नंतर कळलं.

मशीन चोवीस तास चालायचं आणि सारखं बंदही पडायचं. मग प्रश्न असा की चूक कुठे आहे? पट्टीच्या भोकात, रिलेच्या संपर्कात, की मुळात गणितात? हॉपर आणि त्यांचे सहकारी रिचर्ड ब्लॉक वह्या ठेवायला लागले. तपासून पाहिलेले, बरोबर चालणारे प्रोग्रॅमचे तुकडे त्या वह्यांत उतरवून ठेवायचे आणि एकमेकांना वापरायला द्यायचे. पुढे हॉपर यांनी मार्क १ वर ५०० पेक्षा जास्त पानांचं मॅन्युअल लिहिलं, ते १९४६ मध्ये छापलं गेलं. हे यंत्र कसं चालतं ते एखाद्या हुशार माणसाच्या डोक्यात राहून उपयोग नाही, दुसऱ्याला वाचून चालवता आलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

दुपारी पावणेचार

आता ती प्रसिद्ध गोष्ट. ९ सप्टेंबर १९४७. हार्वर्डमध्ये मार्क २ या पुढच्या यंत्राच्या चाचण्या चालू होत्या. त्या दिवसाच्या नोंदवहीचं पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. सकाळी ८ ला काम सुरू. १० ला थांबवलं. काही रिले चाचणीत नापास झाले, ते बदलले. ११ ला कोसाइनची पट्टी लावली. ३ वाजून २५ मिनिटांनी बेरजेच्या भागाची चाचणी सुरू केली. आणि ३ वाजून ४५ मिनिटांनी पॅनल एफमधल्या रिले नंबर ७० मध्ये एक पतंग सापडला. ऑपरेटरने तो चिमट्यासारखा जपून काढला असेल, कारण तो बराचसा शाबूत आहे. वहीच्या पानावर तो चिकटपट्टीने लावला आणि खाली लिहिलं की खराखुरा बग सापडल्याची ही पहिलीच वेळ.

मी ही गोष्ट शाळेपासून चुकीची ऐकत आलो होतो. मला वाटायचं की ग्रेस हॉपर यांनी किडा शोधला आणि त्यावरून बग हा शब्द आला. दोन्ही चूक. यंत्रातल्या बिघाडाला बग म्हणायची पद्धत थॉमस एडिसनच्या काळापासून, म्हणजे १८७० च्या दशकापासून आहे. म्हणून तर ती नोंद विनोदी आहे: रोज ज्याला बग म्हणतो, तो आज खरंच किडा निघाला. आणि तो सापडला ऑपरेटरांना. हॉपर त्या टीममध्ये होत्या आणि पुढे आयुष्यभर ही गोष्ट रंगवून सांगत राहिल्या, म्हणून ती त्यांच्या नावावर चिकटली.

पण मला त्या पानात किड्यापेक्षा दुसरंच जास्त महत्त्वाचं वाटतं. डावीकडे वेळ आहे. जागा नेमकी आहे: कोणतं पॅनल, कितवा रिले. आधी काय चालू होतं ते आहे. काय बदललं ते आहे. आणि पुरावा फेकून न देता पानावरच लावलेला आहे. ७५ पेक्षा जास्त वर्षांनी कोणीही ते पान उघडून दिवसभरात काय घडलं ते सांगू शकतो. माझ्या बोर्डच्या दोन महिन्यांबद्दल मला एक ओळ सांगता येत नव्हती.

म्हणून मी मामाकडून बोर्ड परत मागून घेतला. त्याने दिला, पण टाकीशेजारी लावायला पंधरा दिवसांची मुदत घातली.

शेवटची ओळ खोटं बोलत नाही, पण अर्धंच सांगते

पहिली अडचण: पॅनिक झाल्यावर लॉग मिळत नाही. लॉग लिहायचा कार्डवर, आणि कार्डवर लिहिणाराच कोलमडलेला. त्यावर उपाय आहे सीरियल कन्सोल. बोर्डच्या पिन ६ ला ग्राउंड, पिन ८ ला टीएक्स, पिन १० ला आरएक्स. तिथून यूएसबी-टू-टीटीएल ॲडॉप्टरने तारा लॅपटॉपला जोडायच्या. बोर्डचा टीएक्स ॲडॉप्टरच्या आरएक्सला आणि उलट. ॲडॉप्टर ३.३ व्होल्टचाच हवा, ५ व्होल्टचा सिग्नल दिला तर बोर्ड जळू शकतो. बोर्डला वीज वेगळी चालू असेल तर ॲडॉप्टरची लाल तार जोडायचीच नाही. बोर्डच्या सेटिंगमध्ये सीरियल पोर्ट चालू करायचा, वेग १,१५,२०० ठेवायचा आणि बूटच्या ओळीतून क्वाएट हा शब्द काढून टाकायचा, म्हणजे कर्नल गप्प न बसता सगळं बोलतो. कर्नल मरताना जे शब्द काढतो ते या तारेतून लॅपटॉपवर येतात आणि तिथे साठतात.

दुसरी अडचण मला माहीतच नव्हती. माझ्या बोर्डवर घड्याळाची बॅटरी नाही. वीज गेली की त्याची वेळ थांबते, आणि पुन्हा चालू झाल्यावर इंटरनेट मिळेपर्यंत तो शेवटची साठवलेली वेळ धरून चालतो. म्हणजे जुन्या लॉगमध्ये जे काही थोडं उरलं होतं, त्यातल्या वेळाच भरवशाच्या नव्हत्या. म्हणून आता प्रत्येक ओळीवर लॅपटॉपची वेळ टाकायला लावली.

चौथ्या संध्याकाळी पॅनिक आला. शेवटची ओळ सांगत होती की इनिट, म्हणजे सगळ्यात पहिली चालू होणारी प्रक्रिया, मारली गेली. आधी हीच ओळ स्क्रीनवर पाहून मी कार्डला दोष दिला होता, कारण इनिटला लागणारी फाईल कार्डवरून वाचता आली नाही की असं होतं. पण आता माझ्याकडे आधीच्या ओळीही होत्या. खालून वर वाचत गेलो. इनिट मेला, त्याच्या आधी फाईल सिस्टिमच्या चुका. त्याच्या आधी कार्डने उत्तर न दिल्याच्या तक्रारी. आणि सगळ्यात वर, पहिली तक्रार: व्होल्टेज कमी पडलं. वेळ ७ वाजून १२ मिनिटं. कार्ड दोषी नव्हतं, त्याला वीजच पुरत नव्हती.

पण सातलाच का? याचं उत्तर लॅपटॉपमध्ये नव्हतं. ते मामीच्या रजिस्टरमध्ये होतं. फॅट, एसएनएफ, लिटर या रकान्यांच्या कडेला मामी कंप्रेसर चालू केल्याची वेळ लिहिते, वीजबिलाचा हिशोब लागावा म्हणून. त्या दिवशी ७ वाजून १२ मिनिटं. मागची पानं चाळली. फोनवर बोर्डकडून आलेला शेवटचा मेसेज आणि कंप्रेसर चालू व्हायची वेळ, प्रत्येक क्रॅशच्या दिवशी जवळजवळ एकच. मी दोन महिने जे शोधत होतो ते टेबलावर निळ्या शाईत पडलेलं होतं.

आकड्यांतून शब्दांकडे

हॉपर यांचं पुढचं आयुष्य सरळ गेलं नाही. १९४५ मध्ये घटस्फोट झाला. हार्वर्डमध्ये कायमची जागा मिळाली नाही, १९४९ मध्ये तिथून बाहेर पडावं लागलं. त्या काळात त्या खूप दारू प्यायच्या, त्यावरून अटकही झाली. मित्रांनी सांभाळलं, आणि त्या उभ्या राहिल्या. हे मी मुद्दाम लिहितोय. मोठ्या माणसांच्या चरित्रात हा भाग गाळतात, आणि मग आपल्याला वाटतं की अडखळणारे फक्त आपणच.

१९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या, जिथे युनिव्हॅक बनत होता. तिथे त्यांनी एक गोष्ट पाहिली. प्रोग्रॅमर वह्यांमधून तपासलेले तुकडे हाताने उतरवून घ्यायचे, प्रत्येक पत्त्यात ठरावीक आकडा मिळवायचे, आणि तिथेच चुका व्हायच्या. माणसाला बेरीज नीट येत नाही आणि उतरवताही नीट येत नाही. अक्षर घाईचं असलं की बी चा १३ व्हायचा. हॉपर यांचा विचार साधा होता: बेरीज आणि नक्कल ही कामं मशीनला उत्तम येतात, तर ती मशीनलाच द्या. १९५२ मध्ये त्यांनी ए-० नावाचा प्रोग्रॅम तयार केला. त्याला फक्त तुकड्यांचे क्रमांक द्यायचे, तो चुंबकीय पट्टीवरून ते शोधून, पत्ते लावून, एकत्र जोडायचा. आजच्या भाषेत तो लिंकर आणि लोडरच्या जास्त जवळचा आहे, पण कंपायलर या कल्पनेची वाट तिथून निघाली. सुरुवातीला लोकांना हे पटलंच नाही. कॉम्प्युटर फक्त गणित करतो, प्रोग्रॅम लिहीत नाही, अशी ठाम समजूत होती.

मग त्यांनी इंग्रजी शब्दांत आज्ञा देता येतील अशी भाषा मागितली. कंपनीने नकार दिला. तरी त्यांनी छोटा नमुना बनवला आणि तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखवला. मशीनला शब्दाचा अर्थ कळत नाही, त्याच्यासाठी कोणतीही भाषा सारखीच, हे दाखवायचं होतं. वरिष्ठ मात्र घाबरले: अमेरिकन कॉम्प्युटर परकी भाषा बोलायला लागला! पुढे फ्लो-मॅटिक ही भाषा आली, आणि १९५९ मध्ये एका समितीने कोबोल तयार करायला घेतली तेव्हा तिच्यावर फ्लो-मॅटिकचा मोठा ठसा होता. बँका, विमा, पगारपत्रकं दशकानुदशकं कोबोलवर चालली. १९९० च्या दशकाच्या शेवटी वर्ष दोन आकड्यांत साठवल्यामुळे येणारी वायटूके अडचण सोडवायला पुण्या-मुंबईच्या कित्येक तरुणांनी कोबोल शिकली. तुमच्या घरातल्या एखाद्या काका-आत्याला विचारून बघा.

निवृत्ती न मानणारी बाई

१९६६ च्या शेवटी वय जास्त झालं म्हणून नौदलाने त्यांना निवृत्त केलं. १९६७ च्या ऑगस्टमध्ये परत बोलावलं, फक्त सहा महिन्यांसाठी. ते काम जवळजवळ वीस वर्षं चाललं. कारण असं की प्रत्येक कंपनीचा कोबोल थोडा थोडा वेगळा झाला होता. एका मशीनवर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडायचा. हॉपर यांच्या टीमने चाचण्यांचा संच बनवला: या चाचण्या पास झाल्या तरच तो कंपायलर खरा कोबोल. कोणाच्या शब्दावर विश्वास नाही, चालवून दाखवा.

त्या देशभर व्याख्यानं द्यायच्या आणि श्रोत्यांना सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचे तारेचे तुकडे वाटायच्या. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते. मायक्रोसेकंद दाखवायला तारेचं सुमारे ३०० मीटरचं भेंडोळं आणायच्या. १.५ गिगाहर्ट्झच्या बोर्डचा एक ठोका म्हणजे त्या तारेचे फक्त २० सेंटिमीटर. त्यांच्या ऑफिसच्या भिंतीवर उलटं फिरणारं घड्याळ होतं. आधीपासून असंच करतात म्हणून असंच करायचं, या सवयीची त्यांना चीड होती. घड्याळ उलटं फिरलं तरी वेळ बरोबरच दाखवतं, एवढंच त्यांना सुचवायचं होतं.

१४ ऑगस्ट १९८६ रोजी, ७९ व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. समारंभ बोस्टनला, कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर झाला. त्यानंतरही त्या एका कॉम्प्युटर कंपनीच्या सल्लागार होत्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्या गेल्या. आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत त्यांना पुरलं आहे. २०१६ मध्ये त्यांना मरणोत्तर राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक मिळालं. अमेरिकन नौदलाच्या एका विनाशिकेला त्यांचं नाव आहे आणि तिचा क्रमांक ७०. रिले नंबर ७० शी याचा काही संबंध नाही, हा निव्वळ योगायोग. पण आकडा दिसला की मला ते वहीचं पान आठवतं.

बोर्डचं पुढे काय झालं

कारणं दोन निघाली, आणि ती मी एकेक करून तपासली. एका वेळी एकच घड्याळ! पहिलं कारण, ३ मीटर लांबीची बारीक यूएसबी केबल. तिचा जाऊन-येऊन रोध साधारण सव्वा ओहम. बोर्डने अर्धा अँपिअर घेतला की वाटेतच सुमारे ०.६ व्होल्ट खर्च. ५.१ मधून ते वजा केले की उरतात ४.५, आणि रास्पबेरी पाय ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की कमी व्होल्टेजची तक्रार करतो. दुसरं कारण, चार्जर कंप्रेसरच्याच बोर्डावर लावलेला. कंप्रेसर सुरू होताना क्षणभर दाब पडायचा आणि मोबाईलच्या साध्या चार्जरला तो सोसायचा नाही. नुसती केबल बदलली तर क्रॅश कमी झाले, थांबले नाहीत. मग जाडजूड छोटी केबल, बोर्डसाठीच बनवलेला ५.१ व्होल्टचा ॲडॉप्टर आणि वेगळी लाईन. त्यानंतर पॅनिक नाही.

तुमचा बोर्ड क्रॅश होत असेल तर हा क्रम ठेवा:

१. आधी वही. तारीख, खरी वेळ, तेव्हा काय चालू होतं, शेवटचं काय बदललं.

२. वीज तपासा. रास्पबेरी पायवर व्हीसीजेनकमांडला गेट-थ्रॉटल्ड विचारलं की आकडा येतो. ०एक्स० आला तर ठीक. ०एक्स५०००० आला तर सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि वेग कमी करावा लागला होता.

३. उष्णता बघा. ८० अंशांच्या पुढे रास्पबेरी पाय स्वतःचा वेग कमी करायला लागतो.

४. सीरियल कन्सोल लावा आणि पॅनिकची शेवटची ओळ नाही, पहिली तक्रार शोधा.

५. कार्ड, कर्नल, ड्रायव्हर यांतलं एका वेळी एकच बदला. चाचणीचा कर्नल टाकला असेल तर आधी नेहमीच्या कर्नलवर परत या.

६. वॉचडॉग चालू करा, म्हणजे बोर्ड लटकला तर आपोआप रीस्टार्ट होईल. पण कारण सापडल्यावर. आधी लावलात तर तो पुरावा झाकून टाकतो.

शेवटचा बदल प्रोग्रॅममध्ये केला. आधी बोर्ड फक्त संकटात मेसेज पाठवायचा, त्यामुळे तो गप्प असला की आम्ही समजायचो सगळं ठीक आहे. आता तो दर तासाला तापमान पाठवतो, आणि तासाभरात मेसेज आला नाही तर मामाचा फोन वाजतो.

पंधरा दिवसांची मुदत संपली तेव्हा मामाने बोर्ड काढला नाही. मामीने रजिस्टरमध्ये कंप्रेसरच्या शेजारी आणखी एक रकाना आखलाय. त्यावर लिहिलंय, बोर्ड.